नवी नोकरी, नवा कॅम्पग्राउंड आणि आमचं चाकांवरचं घर

पारिजात
१६ नोव्हेंबर

मंडळी, आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात राहून नोकरीसाठी गावं बदलणारं इथे कुणी आहे का, असं मी दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. तेव्हा फारसं कुणी भेटलं नाही. आता थोडा अनुभव गाठीशी आहे, म्हणून वेगळा धागा काढते. नव्याने या वाटेला लागणाऱ्याला उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेत आमच्या पेशात तेरा-तेरा आठवड्यांची कंत्राटं मिळतात. एखाद्या गावात माणूस कमी असला की तेवढ्यापुरतं जायचं, काम करायचं, मग पुढचं गाव. नवरा संगणकावरचं काम घरून करतो. आमचं घर म्हणजे बत्तीस फुटी फिफ्थ व्हील, पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचं. आतापर्यंत टेक्सास आणि ओक्लाहोमात राहिलो. यंदाचं गाव आहे अलामोसा, दक्षिण कोलोरॅडोतल्या सॅन लुईस खोऱ्यातलं. उंची साधारण ७,५०० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याच्याही वर दोन हजार फुटांवर, आणि तरी जमीन ताटासारखी सपाट. चहूकडे बटाट्याची आणि बार्लीची शेतं, पूर्वेला ब्लांका शिखर, गावातून रिओ ग्रांदे नदी वाहते. थंडीसाठी हे खोरं प्रसिद्ध आहे. जानेवारीत रात्री शून्याखाली वीस अंश सेल्सिअस झालं तर इथल्यांना त्यात नवल वाटत नाही.

मला सगळ्यांना कळकळीने एकच सांगायचंय. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी घराला बसायला वेळ द्या. किमान चार दिवस. हे माहीत असूनही यावेळी आमच्या हातून ते झालं नाही.

ठरलं होतं असं: शुक्रवारी पोचायचं, शनिवार-रविवार घर लावायचं, सोमवारी सकाळी साडेसातला मी हजर. अमॅरिलोहून निघालो, रॅटनची खिंड ओलांडून ट्रिनिडॅडला आलो आणि वाऱ्याने अडवलं. पुढे वॉल्सनबर्गच्या पट्ट्यात वारा असा आडवा येतो की उंच ट्रेलर ओढणाऱ्याने त्यात शिरूच नये. दोन रात्री तिथेच काढल्या. रविवारी वारा पडल्यावर ला व्हेटा खिंड चढलो, ९,४०० फूट, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे अशी घरं भाडं देऊन उभी करायच्या जागेवर, पोचेपर्यंत सात वाजून गेले होते. अंधार, बोटं बधिर.

घर उभं करायचा एक क्रम असतो. आधी डावी-उजवी बाजू पाणसळीत आणायची, चाकांना अडण्या लावायच्या, मग ट्रकपासून सोडवून पुढची-मागची पातळी साधायची. मग वीज, मग पाणी, शेवटी सांडपाणी. टॉर्चच्या उजेडात आम्ही हे सगळं नीट केलं. तापणारा पाण्याचा पाइपही होता, तो जोडला. दमलो होतो, सिलिंडरमध्ये गॅस थोडाच होता, म्हणून फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, बंद ठेवून विजेचे दोन हीटर लावले आणि झोपलो. चूक झाली ती इथेच.

सोमवारी पहाटे साडेपाचला नळ सोडला. आधी एक खरखर आली, मग दोन थेंब, मग काहीच नाही.

बाहेरचा पाइप गरम होता, पाणी त्यात होतं. गोठलं होतं ते घराच्या पोटात. आमच्या घरात फर्नेसची गरम हवा नळ्यांतून फरशीखालीही जाते, आणि टाक्या, पाइप तिच्यावरच ऊबदार राहतात. विजेच्या हीटरने आम्ही बसायची खोली गरम केली आणि खालचं सगळं उघड्यावर टाकलं. चार-पाच डॉलरचा गॅस वाचवायला गेलो होतो.

कॅम्पग्राउंडचं न्हाणीघर उघडं होतं म्हणून अंघोळ तरी झाली. केस ओले, टोपी घातलेली, पोटात एक केळं, अशी मी नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी उभी राहिले. ओळखपत्राचा फोटो त्याच दिवशी काढला. आता तेरा आठवडे तोच गळ्यात राहणार.

तिकडे नवरा सिंकखालची कपाटं उघडी टाकून, फर्नेस पूर्ण चालवून बसला होता. शेजारच्या साइटवर एक सत्तरीचं जोडपं आहे. त्यातल्या आजी आपणहून आल्या, हातात कामाचा मोठा दिवा. ट्रेलरच्या पोटाचं झाकण एका बाजूने सोडवून त्यांनी तो दिवा आत ठेवायला लावला. दुपारी दीडच्या सुमारास पाणी आलं. पाइप फुटला नव्हता, हे नशीब.

आता कामाबद्दल. कंत्राटी माणसाला शिकवायला कुणाकडे फार वेळ नसतो. दीड दिवस ओळख, संगणकावर नोंदी कशा करायच्या ते दाखवणं, की तिसऱ्या दिवसापासून पूर्ण पेशंट. नोंदींची प्रणाली दर ठिकाणी वेगळी, आणि पहिल्या आठवड्यात मी मागे पडते ती त्यातच, हाताच्या कामात नाही. म्हणून पहिला आठवडा अर्धा तास लवकर जाते आणि घरी नोंदी आणत नाही, हा माझा नियम.

इथले बरेच पेशंट शेतावर आयुष्य घालवलेले, खांदे आणि कंबर झिजलेली. अनेकांच्या घरात स्पॅनिश बोलतात. हे फार जुनं खोरं आहे, कोलोरॅडोतलं सगळ्यात जुनं गाव सॅन लुईस, १८५१ सालचं, ते इथून जवळच. अधिकृत दुभाषी फोनवर मिळतो आणि उपचाराच्या बोलण्याला तोच लागतो. पण 'दोंदे ले दुएले?', कुठे दुखतंय, एवढं मी तोंडाने विचारायला शिकले. एका आजोबांनी पहिल्यांदा ते ऐकलं आणि गुडघ्यावरचा माझा हात उचलून नेमका दोन बोटं खाली ठेवला. त्यांनीच मी कुठे राहते ते विचारलं. कॅम्परमध्ये म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, खालून झाकून घे, इथे वारा जमिनीलगत येतो.

त्या शनिवारी आम्ही दोन इंच जाडीचे फोमचे पत्रे आणून घराला खालून चारी बाजूंनी स्कर्टिंग केलं. त्या रात्रीपासून पायांना फरशी गार लागत नाही.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

खिडकी
१६ नोव्हेंबर

पारिजात, वाचताना मलाच हुडहुडी भरली. ओल्या केसांनी पहिला दिवस, बाई गं. स्वयंपाकाचं काय करतेस ते लिही ना. एवढ्याशा जागेत फोडणी घातली की घर आठवडाभर वास घेत बसत असेल. आणि थंडीत खिडक्या तरी कशा उघडणार?

---

पारिजात
१७ नोव्हेंबर

खिडकी, पहिल्याच आठवड्यात वरणाने रडवलं. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात तूरडाळ दीड तास ठेवली तरी दाणा हाताला लागतो. कुकरशिवाय गत्यंतर नाही आणि कुकरलाही जास्त वेळ द्यावा लागतो. एरवी चार शिट्ट्या, इथे सहा. राजमा-छोले रात्रभर भिजवूनही घाई करू नये.

फोडणीचं म्हणशील तर मोठी फोडणी मी बाहेर घालते, इंडक्शनची शेगडी बाहेरच्या सॉकेटला लावून. आत घातली की धुराचा अलार्म ओरडतो. कितीही त्रास झाला तरी अलार्मची बॅटरी काढू नकोस. घरात तीन गोष्टी चालू हव्यातच: छताला धुराचा, फरशीलगत गॅसचा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो, आणि तिसरा कार्बन मोनॉक्साइडचा. झोपायच्या जागेजवळ.

खरी डोकेदुखी वासाची नाही, वाफेची. कुकरची वाफ, चहाची वाफ, दोन माणसांचा श्वास, गॅसची शेगडी जळतानाही पाण्याची वाफ सोडते. ती सगळी गार काचेवर आणि गादीखाली जाऊन बसते. ओक्लाहोमात आमच्या गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके आले होते. तेव्हापासून गादीखाली हवा खेळायला लाकडी पट्ट्या आहेत. इथली बाहेरची हवा खणखणीत कोरडी, त्यामुळे स्वयंपाक करताना छताची खिडकी दोन बोटं उघडून पंखा लावला की पुरतं.

---

सह्यकडा
१७ नोव्हेंबर

मी ह्यूस्टनजवळ बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, चार वर्षं ट्रेलरमध्ये राहतो. तुमचं फर्नेसबद्दलचं अगदी खरं आहे, बहुतेक नवखे लोक तिथेच अडकतात.

माझ्याकडून दोन गोष्टी. एक, कॅम्पग्राउंडचा विजेचा खांब आधी तपासा, मग घर जोडा. मी व्होल्टेज आणि उलटसुलट वायरिंग ओळखून वीज तोडणारं संरक्षक यंत्र लावल्याशिवाय प्लग घालत नाही. तीनशे-चारशे डॉलर जातात पण फ्रीज, एसी, मायक्रोवेव्ह वाचतात. एका जागी मला खांबावर १०४ व्होल्ट मिळत होते, कारण उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी एकदम चालू. यंत्राने वीज तोडली म्हणून माझा एसी राहिला, शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर गेला.

दुसरं म्हणजे हिशेब. ३० अँपिअरची साइट म्हणजे १२० गुणिले ३०, ३,६०० वॉट. एक छोटा हीटर १,५००, पाणी तापवायचा विजेचा रॉड साधारण १,४००. झाले २,९००. त्यात मायक्रोवेव्ह लावला की खटका पडला. ५० अँपिअरच्या साइटवर १२० व्होल्टच्या दोन लाइन मिळतात, १२,००० वॉट, तिथे निवांत. कंत्राट घेताना नोकरीचा पगार जितक्या बारकाईने विचारता तितक्याच बारकाईने साइट किती अँपिअरची ते विचारा. आणि महिन्याच्या भाड्यात वीज धरली आहे की मीटर वेगळा, तेही. महिनावारी राहणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी मीटरप्रमाणे वेगळं बिल येतं.

---

पारिजात
१७ नोव्हेंबर

सह्यकडा, अगदी. आमचं घर ५० अँपिअरचं, आणि इथे ५० ची साइट रिकामी नसल्याने अडॅप्टर लावून ३० वर आहोत. त्यामुळे माझा मिक्सर आणि नवऱ्याची मीटिंग यांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं आहे. मीटर वेगळाच आहे. त्यामुळे फर्नेस बंद ठेवून विजेवर गरम करण्यात काहीच वाचत नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

गॅसचं सांगते. आमचे सिलिंडर तीस पौंडी, प्रत्येकात सात गॅलन. फर्नेस सतत चालली तर एक सिलिंडर दिवसभरही पुरणार नाही. प्रत्यक्षात ती चालू-बंद होते, तरी कडाक्याच्या थंडीत दोन दिवसांत एक संपतो. डिसेंबरपासून मोठी टाकी भाड्याने घेतोय, गॅसवाला येऊन भरून जाईल.

---

माऊ
१९ नोव्हेंबर

ताई, मीही फिजिओ आहे, एच-वन-बी वर, म्हणजे मालकाने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर. हे वाचून फार मोह होतोय. मला असं करता येईल का?

---

उत्तरायण
१९ नोव्हेंबर

माऊ, घाई करू नकोस. एच-वन-बी मध्ये कामाची जागा अर्जात लिहिलेली असते. नवं गाव रोज जाऊन-येऊन करता येण्याच्या टापूबाहेर असेल, तर मालकाला सुधारित अर्ज आधी करावा लागतो. इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाच्या २०१५ च्या सिमिओ निकालाने हे स्पष्ट झालं. दर तेरा आठवड्यांनी तसं करणारा मालक मिळणं फार कठीण. ग्रीन कार्डनंतर बघ. आणि वकिलाला विचारल्याशिवाय काहीही सही करू नकोस.

पारिजात, तुम्हाला एक विचारते, कारण मी करविवरणपत्रं भरून देण्याचं काम करते आणि या बाबतीत लोकांना फार मोठा फटका बसलेला पाहिला आहे. कंत्राटात राहण्या-जेवणाचा भत्ता करमुक्त म्हणून देतात. तुमचं कुठे कायमचं घर आहे का?

---

पारिजात
२० नोव्हेंबर

नाही. पत्ता साउथ डकोटाचा आहे, तिथे टपाल घेणारी सेवा आहे, लायसन्स आणि गाड्यांची नोंदणीही तिथलीच. पण तिथे आमचं घर नाही. पहिल्या वर्षी कंत्राटं मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या बाई म्हणाल्या की साउथ डकोटाचा पत्ता आहे ना, मग भत्ता करमुक्त. आम्ही विश्वास ठेवला नाही आणि संपूर्ण भत्त्यावर कर भरतो. बरोबर करतोय ना?

---

उत्तरायण
२० नोव्हेंबर

अगदी बरोबर करताय, आणि हे सगळ्यांना ठळक कळू दे.

लायसन्सचा पत्ता वेगळा आणि करासाठीचं 'घर' वेगळं. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, प्रकाशन ४६३ मध्ये तीन कसोट्या आहेत. मुख्य घर ज्या भागात आहे तिथे तुम्ही थोडंतरी काम करता आणि करताना त्या घरात राहता का? बाहेरगावी असताना त्या घराचाही खर्च चालू असतो का, म्हणजे दोन्हीकडे खर्च होतो का? आणि तो भाग तुम्ही सोडून दिलेला नाही ना, म्हणजे कुटुंबीय तिथे राहतात किंवा तुम्ही वरचेवर त्या घरी जाऊन राहता का? तिन्ही पुऱ्या झाल्या तर घर आहे. दोन पुऱ्या झाल्या तर परिस्थिती बघून ठरतं. एकच असेल तर तुम्ही फिरस्ते. फिरस्त्याचं घर तो जिथे काम करतो तिथे, त्यामुळे तो 'घरापासून दूर' कधीच नसतो आणि भत्ता करपात्र ठरतो. पूर्णवेळ आरव्हीत राहणारे बहुतेक जण यातच येतात.

ज्यांचं खरंच घर आहे त्यांनीही एकाच गावात वर्षापेक्षा जास्त राहायचं ठरवलं, तर ते काम तात्पुरतं धरत नाहीत. कंत्राट वाढवताना हे लक्षात ठेवा.

दर ठरवताना तुमच्यासारख्यांनी करमुक्त भत्त्याचा आकडा बाजूला ठेवून, सगळ्यावर कर जाऊन हातात काय येईल तेवढंच बघावं.

---

गोदाकाठ
२३ नोव्हेंबर

मी निवृत्त आहे, मुलाकडे मिनिॲपोलिसला असतो, मूळचा बीड जिल्ह्यातला. हा धागा मी दोनदा वाचला.

दोन वर्षांपूर्वी मी आणि आमच्या सौ. मुलाचा जुना ट्रेलर घेऊन रेड रिव्हरच्या खोऱ्यात बीटच्या हंगामाला गेलो होतो. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर हे खोरं आहे, साखरेचं बीट पिकतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणी सुरू होते आणि देशभरातून लोक आरव्ही घेऊन येतात. बारा-बारा तासांची पाळी. आमचं काम ट्रक आला की चालकाला यंत्राकडे नीट घेणं, नमुन्याची पिशवी भरणं, खाली पडलेलं बीट फावड्याने सारणं. साइटचं भाडं कंपनी देते. ऊन जास्त तापलं तर काम थांबवतात, कारण गरम बीट ढिगात सडतं. त्या ढिगांची उंची बघून मी थक्क झालो. आमच्याकडे उसाच्या मोळ्या बघितलेल्या, तरी.

पहिल्या रात्री कॅम्पग्राउंडवर सगळ्यांच्या खिडक्यांत दिवे लागले, कुणी जेवण करत होतं, कुणी बूट पुसत होतं, आणि मला एकदम आमच्याकडच्या साखर कारखान्यावरच्या कोपींची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची रांग आठवली. दसरा झाला की आमच्या गावचा निम्मा गाव बैलगाड्यांत संसार घालून उसाला जायचा. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत सुटका नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक कोयता. कोपीत ना वीज ना नळ, पहाटे तीनला गाडीवर. माझी मावशी पंधरा हंगाम गेली. तिला न्हाणीघर कधी मिळालं नाही. मी तिथे गरम पाण्याने अंघोळ केली त्या रात्री तिच्या आठवणीने मला झोप लागली नाही.

तुमच्या त्या शेजारच्या आजींचं वाचून बरं वाटलं. कोपींच्या रांगेतही पहिला विस्तव शेजारणीकडूनच यायचा.

---

पारिजात
२४ नोव्हेंबर

गोदाकाठ काका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. वाचता वाचता थांबावं लागलं. मावशींबद्दल वेगळा धागा लिहाल का? खरंच लिहा.

---

बाभूळबन
२ डिसेंबर

मी पुण्यात असतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाडीचं मनात आहे. माझा प्रश्न साधा आहे आणि विचारायला संकोच वाटतो. संडासाची व्यवस्था कशी असते?

---

पारिजात
२ डिसेंबर

संकोच कसला, हे तर पहिलं शिकायचं. संडासाची टाकी वेगळी, सिंक आणि अंघोळीची वेगळी. साइटवर सांडपाण्याची जोडणी असली तरी संडासाच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवायची नाही. पाणी निघून जातं आणि घट्ट भाग खाली साचून दगड होतो. झडप बंद ठेवून भरपूर पाणी वापरायचं, टाकी दोन-तृतीयांश भरली की सोडायची, आणि मागून सिंकची टाकी सोडायची म्हणजे पाइप धुतला जातो. हातमोजे घालून. थंडीत पाइपला सरळ उतार हवा, मध्ये खळगा राहिला की तिथे बर्फ होतो. आम्ही कडक थंडीत पाइप गुंडाळूनच ठेवतो, फक्त रिकामी करायच्या दिवशी जोडतो.

---

पारिजात
२५ जानेवारी

बऱ्याच दिवसांनी आले. तेरा आठवडे शुक्रवारी पुरे झाले आणि कंत्राट एप्रिल अखेरपर्यंत वाढलं. डिसेंबरच्या शेवटी एका रात्री शून्याखाली सव्वीस होतं. फर्नेस चालू, स्कर्टिंग शाबूत, नळाला पाणी. त्या रात्री मी तीनदा उठून नळ सोडून बघितला.

आजींना चकल्यांचा डबा दिला होता, तो त्यांनी मक्याच्या पावाने भरून परत केला. दोन बोटं खाली हात ठेवणारे आजोबा आता काठीशिवाय चालतात. उपचारांच्या शेवटच्या दिवशी बटाट्यांची पिशवी घेऊन आले. पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून ती सगळ्या विभागात वाटली. माझ्या वाट्याचे चार बटाटे आले, त्यांची काचऱ्यांची भाजी केली.

मेपासून ओरेगनच्या किनाऱ्यावरचं काम जवळजवळ ठरलंय. यावेळी एजन्सीला मी स्पष्ट सांगितलं की सोमवारी नाही, गुरुवारी रुजू होईन आणि त्याआधीच्या शनिवारीच पोचलेली असेन. त्यांनी मान्य केलं, एवढंच नव्हे तर आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणाले. तिथे थंडी नाही, पण दमट हवा आणि पाऊस. बुरशीची मला धास्ती आहे. त्या बाजूला कुणी राहिलंय का?

---

सह्यकडा
२६ जानेवारी

माझा मित्र न्यूपोर्टला दोन हिवाळे होता. तो सांगतो, आर्द्रता शोषणारं यंत्र कॉम्प्रेसरचं घ्या, छोटं थर्मोइलेक्ट्रिक पुरत नाही, आणि त्याची नळी थेट सिंकमध्ये सोडा म्हणजे दिवसा तुम्ही कामावर असताना भांडं भरून ते बंद पडणार नाही. कपाटांची दारं रात्री उघडी ठेवा. छताच्या जोडांचं सीलंट अलामोसाहून निघायच्या आधी कोरड्या हवेतच बघून घ्या, तिथे पोचल्यावर ते करायला सलग कोरडे दिवस मिळणं कठीण. साइट ५० अँपिअरची आहे ना, ते विचारलंत का?

---

पारिजात
२६ जानेवारी

विचारलं. ५० ची आहे, लेखी घेतलंय. छत या रविवारी बघतो.